फकिराचा सात-बारा

एक फकीर होता. शिर्डीच्या पडक्या मशिदीत साठेक वर्षं राहिला. पाच घरं मागून खाल्लं. जात विचारली, सांगितली नाही. धर्म विचारला, सांगितला नाही. गाव विचारलं तर भलतंच काहीतरी बोलून मोकळा झाला. 15 ऑक्टोबर 1918 ला, दसऱ्याच्या दिवशी मेला. मेल्यावर माणूस सुटतो म्हणतात. हा सुटला नाही. शंभर वर्षं उलटली आणि याचा जन्मदाखला काढायला सरकार बसलं.

जानेवारी 2020 ची गोष्ट. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे औरंगाबादच्या बैठकीत बोलून गेले की परभणी जिल्ह्यातलं पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान, त्याच्या विकासाला 100 कोटी. झालं! 19 जानेवारीला शिर्डी बंद. देऊळ उघडं, बाजार बंद. पाथरीवाले म्हणाले, आमच्याकडे पुरावे आहेत. शिर्डीवाले म्हणाले, बाबांनी स्वतः सांगितलं नाही ते तुम्ही कोण सांगणार? शेवटी मुंबईत बैठक झाली. 'जन्मस्थान' हा शब्द मागे घ्यायचा आणि पाथरीचा विकास करायचा असं ठरलं. शब्द गेला, रक्कम राहिली. दोन्ही गावं खूश.

आता पाथरीचा दावा नीट ऐका. बाबा पाथरीत जन्मले एवढ्यावर तो थांबत नाही. ते पाथरीच्या एका ब्राह्मण घरात जन्मले, असा तो दावा आहे. म्हणजे जन्मभर मशिदीत राहिलेल्या माणसाला मेल्यावर वाड्यात नेऊन बसवायचं. कबीराचं असंच केलं होतं. विणकराच्या घरात वाढलेला माणूस, त्यालाही ब्राह्मण विधवेच्या पोटी घातला. मोठा माणूस खालून आलेला यांना सोसतच नाही. तो खालून आलाय असं दिसलं की याच्या मागच्या जन्माची नाहीतर याच्या आईची चौकशी सुरू.

आमच्या सेलूच्या वाट्याला या प्रकरणात गुरुपद आलंय. दासगणूंनी लिहून ठेवलं की बाबांचे गुरू म्हणजे सेलूचे गोपाळराव देशमुख. जन्म पाथरीचा, गुरू सेलूचा. फकिराचा सात-बारा तयार झाला. भोगवटादाराच्या रकान्यात पाथरी, इतर हक्कांत सेलू. ज्याच्या अंगावर कफनीशिवाय काही नव्हतं त्याच्या नावावर आज दोन तालुक्यांची आशा चढलीय.

मी सेलूचा. बाप मोंढ्यात हमाल होता. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला आणि सुकडी खायला म्हणून खेड्यातून निघाला, तो परत गेला नाही. आमच्यासारखी घरं सेलूत शेकड्यानं आहेत. कुणी दुष्काळात आलं, कुणी 1978 ला आलं. विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि खेड्याखेड्यात आमची घरं पेटली, तेव्हा माणसं पोरांना कडेवर घेऊन रेल्वेच्या गावाकडे पळाली. रेल्वेचं गाव म्हणजे सेलू, मानवत रोड, परभणी. का तर रेल्वे जात विचारत नाही. तिकीट विचारते.

बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय सांगितलं ते इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. खेडं सोडा, शहरात जा. गांधीबाबाच्या खेड्यात आमच्यासाठी गावकुसाबाहेरचा उकिरडा होता. शहरात निदान गर्दी होती आणि गर्दीला वेस नसते. हा हिशोब चुकीचा नव्हता. सेलूत निझामाच्या काळात रेल्वे आली, कापसाची जिनिंग आली, मोंढा आला, शाळा आली. जिनिंगच्या पाळीत उभा राहणारा माणूस सरकीच्या धुळीनं एवढा पांढरा व्हायचा की बामण कोण अन् महार कोण हे अंघोळीनंतरच कळायचं. पुढं थेटर आलं, हॉटेलं आली. खेड्यात आमचा कप वेगळा टांगलेला असायचा. सेलूच्या स्टेशनवर मातीचा का होईना, पण सगळ्यांना सारखाच.

तर शहरानं जन्म विचारायचा नाही, हा आमचा आणि शहराचा करार होता. लिहिलेला नव्हता, पण होता. माझं म्हणणं एवढंच आहे की हा करार मोडला गेलाय आणि तो धर्माच्या हातानं मोडला गेलाय. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? नवीन आहे. थांबा.

शिकलेल्या लोकांत एक समजूत आहे. शहर वाढलं, लाईट आली, शाळा आल्या, मोबाईल आला की धर्म आपोआप ओसरतो. हे पुस्तकात ठीक. आमच्या गावात धर्म ओसरला नाही. तो घाटावरून उठला आणि प्लॉटिंगमध्ये येऊन बसला. आमची आजी मरीआईला जायची, बोकड कापायची, अंगात आणायची. तिचा देव अडाणी होता पण तो कुणाच्या जमिनीच्या व्यवहारात पडत नव्हता. आताचा देव शिकलेला आहे. त्याला ले-आऊटचा नकाशा वाचता येतो.

कसं ते सांगतो. तालुक्याच्या गावाभोवतीची शेतं एन.ए. होतात, प्लॉट पडतात. चाळीस गुंठ्यांच्या वरचा ले-आऊट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. ती तिथं राहणाऱ्या सगळ्यांची. पोरांनी खेळावं, म्हाताऱ्यांनी बसावं, दोन झाडं लावावीत. प्रत्यक्षात काय होतं? पहिली चार घरं उभी राहायच्या आत ओपन स्पेसमध्ये एक चौथरा उभा राहतो. मग चौथऱ्यावर पत्रा. मग फरशी. मग वर्गणी. मग कळस. मग लोखंडी गेट आणि गेटला कुलूप. नळाची लाईन यायला पाच वर्षं लागतात, देवाला पाच महिने पुरतात. आणि वसाहतीचं नाव? मारुती नाहीतर दत्त, नाहीतर गणेश, नाहीतर आता साई. नाव पडलं की पाटी लागली. पाटी लागली की कोण इथं राहायचं आणि कोण नाही ते ठरलं. तोंडानं कुणी काही बोलायची गरज नाही. पाटीच बोलते.

मला स्वतःला अशाच एका ले-आऊटमध्ये प्लॉट घ्यायचा होता. पैसे रोख होते, बँकेतून काढून आणलेले. एजंट गोड माणूस. चहा पाजला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. म्हणाला, "तसं काही नाही हो, आपण मानतच नाही. पण तिथं मंदिर आहे ना, रोज आरती असते, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." माझ्या अवघडण्याची काळजी करणारा हा पहिला माणूस मला आयुष्यात भेटला! गावकुसाच्या काळात सरळ सांगायचे, 'लांब हो.' आता देवाला मध्ये घालून सांगतात. हे तेवढं नवीन.

आमची पोरं पुण्याला, मुंबईला जातात. देवगिरी नाहीतर तपोवन पकडतात. (या लाईनीच्या गाड्यांची नावं जमवून बघा. तपोवन, सचखंड, देवगिरी, अजंठा. साऱ्या धर्मांचं टाइमटेबल आहे. त्यात बुद्धाच्या वाट्याला अजंठा एक्सप्रेस, ती बिचारी बेसुमार लेट.) पोरगा पुण्यात खोली शोधतो. घरमालक आधी विचारतो, गाव कुठलं? मग आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर, मटण खाता का? त्यातूनही कळलं नाही तर, कुलदैवत कोणतं? कुलदैवत! डेटा एन्ट्रीची नोकरी करणाऱ्या, बावीस वर्षांच्या पोराला. त्या पोराला आणि त्या शिर्डीच्या फकिराला एकच प्रश्नपत्रिका आहे, लक्षात घ्या. जन्म कुठला, घराणं कुठलं, गुरू कोण. फकिरानं पेपर कोरा दिला. म्हणून तर त्याच्याकडे आमची माणसं गेली.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्यातले कडक लोक वस्तीतल्या साईच्या फोटोवर भडकतात. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि फ्रीजवर साईबाबा? मीही भडकायचा अधिकार ठेवतो. पण भडकायच्या आधी विचारा की ती बाई तिथं का गेली. तिला कुठल्या तरी दारात कुणीतरी जन्म न विचारता उभं करावं असं वाटत होतं. शिर्डीच्या रांगेत ते होतं. निदान होतं असं तिला वाटलं. आता तिथंही जन्मस्थान निघालंय आणि जन्म ब्राह्मणाचा निघालाय. तिच्या फ्रीजवरचा माणूस तिच्या डोळ्यांदेखत परका होतोय.

पाथरीच्या 100 कोटींकडे वळतो. मी पाथरीवर जळत नाही. जळायला आमच्याकडे तरी काय आहे? जिल्ह्यात मोठा कारखाना येत नाही. कापूस गाठी होऊन बाहेर जातो, कापड होऊन परत येतो. निम्न दुधनेचं पाणी दिसतं, त्याच्या काठचा पोरगा तरी ऊस तोडायला जातो. असल्या जिल्ह्यात विकास आणायचा तर देव शोधावा लागतो. दुसऱ्या कुठल्या कागदावर पैसे सुटत नाहीत. शिर्डीला 2017 साली विमानतळ झाला. मग पाथरीला का नको, सेलूला का नको? पाथरीला रेल्वे नाही, भक्त उतरणार मानवत रोडला नाहीतर सेलूला. लॉज होतील, जिपा लागतील, प्रसादाची दुकानं होतील. मान्य. माझा प्रश्न वेगळा आहे. तीर्थाच्या गावात आमच्या वस्तीला कोणतं काम मिळतं? चपला सांभाळायचं. संडास धुवायचं. पार्किंगची पावती फाडायचं. हार विकायचा गाळा आमच्या पोराला कुणी दिलेला दाखवा, मी हा लेख फाडून टाकतो. जिनिंगमध्ये निदान पाळी होती, हजेरी होती, संप करता येत होता. देवाच्या दारात संप करून बघा!

आणि सणाचं काय? गाव मोठं झालं तसे सण मोठे झाले. पूर्वी सेलूत मिरवणूक म्हणजे पालखी, टाळ, दोन पेट्रोमॅक्स. आता डीजेच्या भिंती. 2000 सालच्या ध्वनी नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल. कायदा आहे, पंचावन्न डेसिबल कुणी ऐकलेलं नाही. रस्ता कुणाचा, किती वेळ, कुणाच्या दारासमोर किती मिनिटं थांबायचं, हे सगळं आधी ठरतं. मशिदीसमोर जरा जास्त, आमच्या कमानीसमोर जरा जास्त. हा धर्म नव्हे, ही मोजणी आहे. भूमी अभिलेखवाले साखळी घेऊन येतात, हे ढोल घेऊन येतात.

पण मला मिरवणुकीपेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त शिकवते. पहाटे पाचला गुलालानं लाल झालेला रस्ता झाडायला कोण येतं? पालखीपुढं हलगी वाजवून हाताची सालटी गेलेला माणूस कोण असतो? मांडवाच्या बल्ल्या सोडणारा, वायरी गुंडाळणारा कोण? मातंगाचा पोरगा, मुसलमानाचा पोरगा, आमचा पोरगा. झाडू आमचा, हलगी मातंगाची, वायर मुसलमानाची आणि देव त्यांचा. गावच्या सगळ्यांत मोठ्या सणाचं निम्मं काम ज्यांच्या हातून होतं, त्यांना त्या सणाच्या कमिटीत आजवर एक खुर्ची मिळालेली मी पाहिली नाही. नव्या कंत्राटी पद्धतीत तर झाडूवाल्याची नोकरीही कायम नाही. देव कायम, झाडू टेम्पररी.

आणखी एक हिशोब आहे, तो मांडल्याशिवाय पुढं जात नाही. मराठवाड्यात आमच्या माणसांनी गायरानं कसली. पोट जाळायला पडीक जमीन नांगरली. दादासाहेब गायकवाडांनी त्यासाठी सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. शेवटी 1991 साली सरकारचा निर्णय निघाला की 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करा. आजही कित्येकांच्या हातात कागद नाही. पिकं उभी असताना नांगर फिरवतात. त्याला कागदोपत्री शब्द आहे, अतिक्रमण. आणि ओपन स्पेसमध्ये चढलेल्या कळसाला? श्रद्धा. सुप्रीम कोर्टानं 29 सप्टेंबर 2009 ला सांगितलं की सार्वजनिक जागेवर, रस्त्यावर, बागेत धर्माच्या नावानं नवं बेकायदा बांधकाम होऊ द्यायचं नाही. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, कुणाचंही. तारीख लक्षात ठेवा, पुढं लागेल.

इथपर्यंत वाचताना माना डोलवत असाल. आता आपल्या घरात येऊ.

आपल्याकडे धर्म आहे की नाही? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला, दसऱ्यालाच, बाबासाहेबांनी तो दिला. (एकाच तिथीला एक फकीर जात न सांगता मेला आणि लाखो माणसं जात टाकून उठली. तिथीबिथी मी मानत नाही, पण हे मला आवडतं.) परभणी जिल्ह्यात आज साधारण दहातला एक माणूस बौद्ध आहे. मग दहातल्या एकाच्या या धर्मानं शहरात काय केलं? इतरांना जी पट्टी लावली ती आपल्यालाही लावा. जागा किती, वेळ किती, दार कुणाला उघडं.

एकदा या धर्मानं शहर बदललं होतं. हे थाप मारून सांगत नाही, तिकीट काढून बघून या. 1950 साली, निझाम जाऊन दोन वर्षंही नीट झाली नव्हती, तेव्हा औरंगाबादच्या माळावर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं. पुढं त्याला नाव दिलं मिलिंद. परिसराचं नाव नागसेनवन. नावं बघा! मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन म्हणजे उत्तर देणारा भिक्खू. अजून दीक्षा व्हायची होती, पण बुद्ध आधीच कॉलेज होऊन आला होता. वसतिगृह होऊन आला होता. याच मीटरगेजच्या गाडीनं आमच्याकडची पोरं पत्र्याची पेटी घेऊन तिथं गेली, मेसमध्ये जेवली, शिकली, मास्तर झाली, वकील झाली. पुढं 'अस्मितादर्श' तिथल्याच माणसांनी काढलं. आमचं अख्खं साहित्य त्या मेसच्या भाकरीवर उभं आहे. याला म्हणतात धर्मानं शहरात जागा घेणं. त्या जागेत देव नव्हता, कॉटा होत्या.

आणि आता? आपला विहार बघा. मी कुठल्या एका विहाराचं बोलत नाही, कुणी अंगाला लावून घेऊ नये. परभणीचा असो, पुण्याच्या झोपडपट्टीतला असो. मार्बल आहे. आत मूर्ती आहे, काही थायलंडहून आलेल्या. बाहेर फलक आहे, त्यावर ज्याच्या निधीतून काम झालं त्याचं नाव बुद्धापेक्षा मोठं. आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे? अध्यक्षांकडे. अध्यक्ष कुठायत? बाहेरगावी. पोरं अभ्यासाला कुठं बसतात? स्टेशनच्या बाकावर, नाहीतर महिन्याला हजार रुपये देऊन खाजगी अभ्यासिकेत. आमच्याच पोरानं हजार रुपये देऊन दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून राज्यघटना पाठ करायची आणि आमच्या विहारात पंख्याला जाळी लागलेली.

विहार ज्यांनी जिवंत ठेवलाय त्या बाया आहेत. हे मला ठासून लिहायचंय कारण आपली मासिकं पुरुषांनी भरलेली असतात. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, दिवसभर निंदणी-खुरपणी नाहीतर धुणीभांडी करून आलेल्या बाया पांढरं लुगडं नेसून विहारात बसतात आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचतात. अक्षर लावत लावत. एखादी अडली की शेजारची सांगते. मी एका म्हातारीला विचारलं, माय, कळतंय का? म्हणाली, "समदं नाही कळत बाबा. पण इथं बसून वाचायला कुनी उठ म्हनत नाही." या एका वाक्यापुढं आपल्या चळवळीचे दहा ठराव फिके आहेत. पण अश्विन पौर्णिमा झाली की पुस्तक लाल कापडात आणि किल्ली परत अध्यक्षांकडे.

आपण पुस्तकाचं काय करतो, यावर जरा थांबतो. परभणीत रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्यापुढं राज्यघटनेची प्रतिकृती होती, काचेत. 10 डिसेंबर 2024 ला ती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग पोलिसांची वस्त्यांत धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा तरुण, कायदा शिकणारा, त्यात पकडला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. त्याच्या आईनं कोर्टात भांडून 2025 च्या जुलैत गुन्हा नोंदवायचा हुकूम मिळवला. सोमनाथ वडार समाजातला होता. दगड फोडणाऱ्यांच्या जातीतला. आमच्या पंगतीत जन्मानं नव्हता, विचारानं होता. बाहेरच्यांनी त्या फोडण्याला एका माथेफिरूचं कृत्य म्हणून मोकळं व्हायचं ठरवलं, तो त्यांचा धंदा आहे. काच फोडणाऱ्या हाताला बरोबर माहीत असतं घाव कुठं लागतो.

मला आपल्याला विचारायचंय. सोमनाथ घटना वाचत होता, काचेतली नव्हे, हातातली. कलमं लावत होता. त्याच्यासारखा वडाराचा, मातंगाचा, कैकाड्याचा पोरगा तुमच्या-माझ्या विहारात पुस्तक घेऊन आला तर त्याला दार उघडं मिळालं असतं का? की आपणही विचारलं असतं, तू कोणाचा? खरं बोला. आपल्या वस्तीला लागून मातंगवाडा असतो. 1 ऑगस्टला त्यांचे अण्णाभाऊ, 14 एप्रिलला आपले बाबासाहेब. दोन कमानी, दोन डीजे, दोन वर्गण्या. त्यांच्या जयंतीला आपण जात नाही, आपल्या विहारात ते येत नाहीत. 1 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टानं आरक्षणात उपवर्गीकरणाला परवानगी दिली तेव्हा सगळ्या व्हॉट्सअॅपवर जी भाषा वाहिली ती मी इथं छापू शकत नाही. दोन्ही बाजूंची. जन्म विचारणारा धर्म सोडून आलो म्हणतो आणि शेजारच्या वाड्याचा जन्म आपल्याला तोंडपाठ!

उत्तर म्हणून आपण काय करतोय? त्यांचा डीजे मोठा, आपला त्याहून मोठा. त्यांची मूर्ती अकरा फूट, आपला पुतळा एकवीस. जयंती जोरात व्हावी, मीही नाचलोय, पुढंही नाचेन. वर्षातून एक दिवस ज्या रस्त्यावरून आज्याला थुंकायला मडकं बांधून जावं लागायचं त्या रस्त्यावर नातवानं नाचावं, यात कुणाच्या बापाचं काय जातं? पण एक दिवस. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस रस्ता त्यांचाच राहतो आणि विहार बंद राहतो, हे चालणार नाही.

1974 ला पँथर फुटली. बुद्ध की मार्क्स, यावर राजा ढाले आणि नामदेव ढसाळ भांडले. पन्नास वर्षं आम्ही तो वाद चघळतोय. ढाले गेले, ढसाळ गेले, आणि मधल्या काळात सेलूच्या ओपन स्पेसमध्ये बुद्धही गेला नाही नि मार्क्सही गेला नाही. मारुती गेला.

म्हणून माझं म्हणणं चर्चेचं नाही, किल्लीचं आहे. ज्या ज्या वस्तीत विहार आहे तिथल्या पोरांनी जाऊन किल्ली मागा. गोडीनं मागा, नाही दिली तर कमिटीच्या बैठकीत मागा. संध्याकाळी सहा ते रात्री दहा दार उघडं. आत दोन टेबलं, सहा खुर्च्या, एक ट्यूबलाईट. मूर्तीला धक्का लागत नाही, तिच्यासमोर बसून एमपीएससीचा अभ्यास केला तर बुद्ध नाराज व्हायचा नाही. मातंगाचा पोरगा आला तर बसू द्या. मुसलमानाची पोरगी आली तर बसू द्या, आमच्या जिल्ह्यात तिच्याही घराला दुसरीकडे भाडं नाकारलेलं असतं. आडनाव लिहायचं रजिस्टर ठेवू नका. फक्त पुस्तक कुणी नेलं ते लिहा.

दुसरं काम ले-आऊटचं. आपण कळस पाडायला जायचं नाही. ते त्यांना हवंच आहे, त्यांची तयारी झालेलीच असते आणि पोलीसही लगेच येतात. आपण कागद मागायचा. तुमच्या गावात किती ले-आऊट मंजूर झाले, प्रत्येकाच्या ओपन स्पेसचं क्षेत्र किती, आज त्यावर काय उभं आहे, 29 सप्टेंबर 2009 नंतर काय उभं राहिलं, कुणाच्या परवानगीनं. जिथं अजून काही उभं नाही तिथं वाचनालय मागायचं, सगळ्या वसाहतीच्या सहीनं. हा कागद नगरपालिकेच्या नगररचना विभागात असतो आणि माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा तो तुम्हाला देतो. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एका विषयावर असावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर. आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. अर्जात नाव-पत्ता द्यावा लागतो, जात नाही. कारकून विचारेल. सांगू नका.